मध्यस्थीला बसल्यानं तक्रारीचा हक्क जात नाही

लातूर-परभणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शाळेशी मध्यस्थीला बसलात की पुढं कुठंच तक्रार करता येत नाही.’ हे खरं नाही.

मध्यस्थी ऐच्छिक असते. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना बोलतं करतो. नाही जमलं तर शिक्षणाधिकारी, न्यायालय हे रस्ते उघडेच राहतात.

हा गैरसमज बहुधा लोकअदालतीवरून झाला असावा. तिथं तडजोडीवर सह्या होऊन निवाडा झाला की तो अंतिम. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा, समजलं नाही तर थांबा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आपल्याकडं हे फार थोड्या आयांना माहीत आहे, याचं वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र बोलणीला कधीच ठेवू नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर ‘शाळेची बदनामी होईल, मिटवून घ्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेलासुद्धा.