बातमी छापली की पत्रकाराचं काम संपलं?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: शोधबातमी दोन दिवस गाजते आणि विरते, संस्थेने चौकशी जाहीर केली की पत्रकाराने बाजूला व्हावं, तरीही मागे लागला तर ती पत्रकारिता राहत नाही, मोहीम होते.

आधी ‘दोन दिवसां’बद्दल. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली हिशेबात नसलेली तूट दाखवायची आणि शाखा चालवणाऱ्यांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले व्हायचे. ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने मे २००९ मध्ये अशा सात जणांची कहाणी छापली. फार गाजावाजा झाला नाही. पण त्यांनी विषय सोडला नाही. ‘असं फक्त तुमच्याकडेच होतंय’ असं ज्यांना ऐकवलं गेलं होतं, ती माणसं एकेक करून पुढे येत गेली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष ठरवली, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच निकालात ३९ जणांना दोषमुक्त केलं, २०२४ मध्ये अशा शिक्षा रद्द करण्यासाठी संसदेला कायदा करावा लागला. लढले अर्थातच पीडित, ॲलन बेट्स यांच्यासारखे. पण पंधरा वर्षं तो विषय कुणीतरी जागा ठेवला होता.

चौकशी जाहीर झाली की बाजूला व्हायचं? खरी मेख इथेच आहे. चांगल्या बातमीदाराच्या डायरीत त्याच दिवशी चार नोंदी होतात: समिती कोणी नेमली, सदस्य कोण, मुदत कधी संपते, अहवाल जाहीर होणार का. मुदतीच्या दिवशी फोन जातो. ‘अहवाल प्राप्त झाला, अभ्यास सुरू आहे’ असं उत्तर येतं. महिन्याने पुन्हा फोन. हा दुसरा फोन गेला नाही, तर अहवाल कपाटातच राहतो.

मोहीम म्हणाल, तर अमेरिकेतल्या ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने कॅथलिक चर्चमधल्या बाललैंगिक अत्याचारांवर २००२ या एका वर्षात सुमारे सहाशे बातम्या दिल्या. त्या उभ्या होत्या कागदपत्रांवर आणि पीडितांच्या जबान्यांवर. डिसेंबरात बॉस्टनच्या चर्चचे प्रमुख कार्डिनल लॉ यांना पायउतार व्हावं लागलं. पुरावा असेल आणि संस्थेची बाजूही छापली जात असेल, तर सहाशेवी बातमीही बातमीच असते.

एक तक्रार मात्र रास्त आहे: कित्येक ठिकाणी पाठपुरावा अर्ध्यावर सुटतो. अशी एखादी बातमी आठवत असेल, तर तिची तारीख शोधा आणि त्या संपादकांना लिहून विचारा, पुढे काय झालं?