तळखडा उघडा ठेवा

मे सरत आला की जुन्या नाशकात वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा येतात. कलम २६४, धोकादायक इमारत, तातडीने रिकामी करा. पुढे पावसात कुठेतरी भिंत खचते आणि तोच वाद नव्याने सुरू होतो. काहीजण म्हणतात, पाडून टाका, माणसांच्या जिवापुढे लाकडाचं कसलं कौतुक? दुसरे म्हणतात, युरोपात बघा, पाचशे वर्षांची घरं कशी जपली आहेत! हे दुसरं वाक्य जर्मनीत बसून वाचलं की राहवत नाही, कारण त्यातली अर्धीच हकिकत नाशिकपर्यंत पोचलेली असते.

क्वेडलिनबुर्ग या गावात चौदाव्या शतकातलं एक लाकडी घर आहे. १९६५ पर्यंत तिथे माणसं राहत होती, आता ते संग्रहालय आहे. त्याचे खांब जोत्यापासून छपरापर्यंत अखंड जातात आणि मधल्या जागा मातीने भरलेल्या आहेत. आपल्या वाड्यातही चौकाभोवतीचा सगळा डोलारा खांब आणि तुळयांवरच तोललेला असतो. पण अशाच शेकडो घरांचं जर्मनांनी स्वतःच्या हातांनी नुकसान केलं, हे कुणी सांगत नाही. महायुद्धानंतर माती काढून सिमेंट भरलं गेलं. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं. सिमेंट हलत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि सिमेंट ते बाहेर पडू देत नाही. वरून घर ठणठणीत दिसतं, आत लाकडाचा भुगा झालेला असतो. पुढे ते सिमेंट खरवडून पुन्हा माती आणि चुना भरावा लागला.

नाशकात आपण नेमकं हेच करतो आहोत. वाड्याचा खांब तळखड्यावर, म्हणजे पायाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा करतात तो जमिनीची ओल लाकडाला लागू नये म्हणून. पण शहाबादीवर कोबा, कोब्यावर टाइल्स असं करत जमीन वीतभर चढते, तळखडा गडप होतो आणि खांबाचा पाय सिमेंटात रुततो. सराफ बाजार, भांडी बाजारासारख्या भागात गोदेचा पूर येऊन गेला की ती ओल महिनोन्‌महिने तिथेच मुरते. बुरशी आणि वाळवीला आणखी काय हवं? खांब दोन बोटं जरी खचला तरी वरची तुळई कलते, कडीपाट म्हणजे लाकडी तक्तपोशी सुटते, आणि लोक म्हणतात, वाडा म्हातारा झाला.

उपाय मोठा नाही. जमीन मूळ पातळीवर आणून तळखडा मोकळा करायचा. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन खांबाचा कुजलेला भाग तेवढा कापायचा आणि तिरपा सांधा करून जुन्या सागाचा तुकडा बसवायचा. अख्खा खांब बदलण्याची गरज क्वचितच पडते. गिलावा एक भाग चुना, तीन भाग वाळूचा. आणि सगळ्यात आधी छप्पर, विशेषतः चौकाकडची पन्हळ. ती तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यातून आतल्या भरावात शिरतं, भराव खाली बसतो आणि भिंतीला पोट येतं. पोट आलेल्या भिंतीला मात्र वरून गिलावा करून उपयोग नाही. तिथे माणसं हलवायलाच हवीत. पाडा म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. शेजारचा वाडा पाडताना सामाईक भिंतीला आधार न देणं हा तर निव्वळ गुन्हा आहे.

पैशाचं काय? जर्मनीत वारसा घरात स्वतः राहणाऱ्या मालकाला मान्य खर्चाच्या ९ टक्के रक्कम दर वर्षी, अशी दहा वर्षं, करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. काम सुरू करण्याआधी वारसा खात्याशी ठरवून घेतलेलं असेल तरच. ही सवलत नाशकात जशीच्या तशी आणून भागणार नाही. एका वाड्यात आठ बिऱ्हाडं, मालकी पाच भावंडांत, भाडं नाममात्र. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं, पण पन्नास रुपयांवर ते दोन रुपये होतात. त्यात एक कौलही येत नाही. वाड्यावर न वापरलेलं चटईक्षेत्र टीडीआर म्हणून, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क म्हणून, विकता यावं आणि त्यातला ठरावीक हिस्सा थेट दुरुस्तीच्या खात्यात जमा व्हावा, हे मला जास्त पटतं. त्यात भाडेकरूंची सही हवी आणि दुरुस्तीनंतर त्यांची खोली त्यांनाच परत मिळाली पाहिजे. एकट्या मालकाशी केलेला करार त्या आठ चुलींवर अन्याय करील.

एक गोष्ट मात्र उद्या सुरू करता येईल. जर्मनीत पाडलेल्या घरांच्या तुळया, कौलं, दारं विकणारी दुकानं असतात आणि दुरुस्ती करणारा सुतार आधी तिकडे जातो. नाशकात वाडा पडला की त्याचा साग जुन्या लाकडाच्या बाजारात जातो आणि त्याचं फर्निचर होतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होताना जे वाडे जातील त्यांचे खांब, हस्त (खांबाच्या माथ्यावरचे लाकडी आधार), तुळया मोजून, नंबर टाकून महापालिकेने एका कोरड्या गोदामात ठेवाव्यात. शेजारच्या गल्लीत कुजलेल्या खांबाला हातभर सागाचा तुकडा लागणारच आहे.