गर्भपाताच्या अपॉइंटमेंटला काय होतं हे बायकांना आधी सांगा

आमच्या घरच्या ग्रुपवर परत तोच वाद. गर्भलिंग तपासणीचं रॅकेट पकडल्याची बातमी कुणीतरी टाकली, त्यावर काका म्हणाले या गर्भपाताच्या गोळ्या सरसकट बंदच करायला पाहिजेत, आणि वर मला उद्देशून, तुमच्याकडे काय, परदेशात सगळं मोकळंच. मी डब्लिनला राहते. काका मनापासून बोलतात, लेकीसुनांची काळजी असते म्हणूनच बोलतात, पण त्यांच्या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत आणि ग्रुपवर दोन ओळीत सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

आयर्लंड मोकळं कधीच नव्हतं. 1983 पासून इथल्या घटनेतच गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क लिहिलेला होता. आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार, 31 वर्षांची डेंटिस्ट, 17 आठवड्यांची गरोदर, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं, ती आणि नवरा पिशवी रिकामी करा म्हणून विनवत होते, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून केलं नाही. सेप्सिस होऊन (जंतुसंसर्ग अंगभर पसरून) 28 ऑक्टोबर 2012 ला इथल्या गॉलवे शहरात ती वारली. तिच्या फोटोचे फलक घेऊन इथल्या बायका रस्त्यावर उतरल्या, मे 2018 ला सार्वमत झालं, 66.4 टक्के लोकांनी ते कलम काढायला मत दिलं, आणि 1 जानेवारी 2019 पासून कायदेशीर सेवा सुरू झाली. आपल्याकडचा कायदा 1971 चा आहे! म्हणजे या बाबतीत आपण यांच्या जवळजवळ अर्धं शतक पुढे होतो.

आता इथे नेमकं काय होतं ते सांगते. माझ्या एका मैत्रिणीबरोबर मी गेले होते, तिला विचारूनच लिहितेय. आधी सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, फुकट असतो, दुभाषाही मिळतो, आणि त्या जवळच्या कुठल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, ही सेवा आहे ते सांगतात (सगळे जीपी करत नाहीत, खेड्याकडे तर शोधावंच लागतं). पहिल्या भेटीत शेवटच्या पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं, सिझर, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, एका बाजूला पोटात दुखतं का, असे प्रश्न. तारखेची खात्री नसेल किंवा गर्भ नळीत असल्याची शंका असेल तरच सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंनी मला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं, मला जरा विचित्रच वाटलं, पण नंतर मैत्रीण म्हणाली की तुझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना, एवढंच विचारायचं होतं, आणि ते बरोबर कोणी असताना विचारून उपयोग नसतो.

मग मधे तीन दिवस थांबायचं, कायद्याने सक्ती. दुसऱ्या भेटीत मिफेप्रिस्टोनची गोळी (ही गर्भाची वाढ थांबवते) तिथेच डॉक्टरांसमोर घ्यायची, ग्लासभर पाण्याबरोबर, संपलं. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या (यांनी पिशवी रिकामी होते) एक ते दोन दिवसांनी घरी घ्यायच्या, त्या पाकिटात घालून दिल्या आणि कागदावर पेनाने खुणा करून समजावलं, पाळीपेक्षा जास्त रक्त जाईल, गाठी पडतील, पोटात जोरात कळा येतील, थंडी वाजेल, ब्रुफेन आधीच आणून ठेव. तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललं, किंवा ताप उतरत नाहीये, वास येतोय, तर लगेच फोन कर, नर्स रात्रीही असते. गर्भ राहिला नाही ना हे बघायला दोन आठवड्यांनी करायची टेस्टही त्यांनीच दिली, कारण नेहमीची कार्ड टेस्ट नंतर बरेच दिवस पॉझिटिव्हच दाखवते आणि बाई उगाच घाबरते. पैसे शून्य. ती घरी येऊन म्हणाली, दुखणार आहे हे माहीत होतं म्हणून दुखण्याची भीती वाटली नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि आपल्याकडे? कागदावर आपला कायदा यांच्यापेक्षा मोठ्या मनाचा आहे. इथे बारा आठवडे उलटले की फार थोडी कारणं उरतात, बायका आजही इंग्लंडला जातात. आपल्याकडे 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 2021 च्या दुरुस्तीने काही गटांना 24 पर्यंत केलं, 2022 ला सुप्रीम कोर्टाने लग्न न झालेल्या मुलींनाही त्यात धरलं. सज्ञान बाई असेल तर फॉर्म सी वर, म्हणजे संमतीच्या फॉर्मवर, तिची एकटीची सही लागते, बस. नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही, आणि घरच्यांची संमती वगैरे जादा अटी डॉक्टरांनी घालू नयेत असं कोर्टानेच म्हटलंय.

पण माझी मामेबहीण तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेली तेव्हा काउंटरवरच्या बाईने सगळ्यांसमोर विचारलं, मिस्टर आलेत का, त्यांच्या आधारकार्डाशिवाय होणार नाही. ते नोकरीला दुसऱ्या जिल्ह्यात. ती परत आली, आठवडा गेला, गोळ्यांची मुदत (आपल्याकडे 9 आठवडे) उलटली आणि मग क्युरेटिंग (पिशवी खरवडून काढणं) करावं लागलं, तेही आत गेल्यावर कळलं. व्हॅक्यूमने, म्हणजे नळीने ओढून घेऊनही, होतं हे तिला कुणी सांगितलंच नाही, जागतिक आरोग्य संघटना क्युरेटिंग नको, व्हॅक्यूम वापरा म्हणते तरी.

काकांच्या गोळ्याबंदीचं म्हणाल तर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळायला बारा-तेरा आठवडे जावे लागतात, गोळ्या नवव्या आठवड्यापर्यंतच्या. मग गोळ्या बंद करून सोनोग्राफीवाल्या रॅकेटचं काय बिघडणार? 2012 च्या बीड प्रकरणानंतर (तिथल्या डॉक्टरवर मुलींचे गर्भ बेकायदा पाडल्याचा आरोप झाला होता) मेडिकलवर धाडी पडल्या आणि कितीतरी दुकानदारांनी या गोळ्या ठेवणंच सोडलं, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नाही म्हणतात. त्यात नाडली जाते ती माझ्या बहिणीसारखी, जिला दोन मुलं आहेत आणि तिसरं नकोय. लिंग तपासणाऱ्यांना जरूर पकडा, त्यात मी काकांच्या बाजूने आहे.

इथलं सगळंच उचलून न्या असंही मी म्हणत नाही. ते तीन दिवस तर अजिबात नको. बाई विचार करूनच आलेली असते, दोनदा रजा काढायची, दोनदा मुलांना कुणाकडे तरी ठेवायचं, आणि बाराव्या आठवड्याच्या तोंडावर असेल तर मुदतच हातची जाते. 2023 च्या सरकारी आढाव्यातही ही सक्ती काढा म्हटलंय, अजून काढलेली नाही.

न्यायचंच असेल तर तो फोन न्या आणि तो पेनाने खुणा केलेला कागद न्या. मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक सरकारी दवाखान्यात: सही तुमचीच चालते, 18 च्या खाली असाल तर पालकांची लागते, तुमचं नाव गुप्त राहतं, गोळ्या की व्हॅक्यूम हे आधी विचारा, एवढं रक्त गेलं तर या नंबरवर फोन करा. आशाताई घरोघरी जातातच, त्यांच्या हातात हा कागद पहिल्यांदा द्या.