वाघ्या जर्मनीक चल्लो

गणपतीला मालवणात आलेल्या चाकरमान्यांचा एक ठाम समज असतो: विसर्जन झालं की बॅगेत फणसपोळी, पिंजऱ्यात वाघ्या कुत्रा, आणि थेट जर्मनी. "तेका कागद कशाक व्हये? तो खय कोणाक चावता!" अशी आजीची पुस्ती. मग पंचांग उघडून मला हिशेब मांडावा लागतो.

आधी चिप, मग रेबीजची लस. साखरपुड्याआधी बारसं होत नाही, तसा हा क्रम. पंधरा आकडी ओळख-नंबराची, तांदळाएवढी चिप मानेपाशी कातडीखाली जाते. तिच्याआधी टोचलेली लस युरोपच्या लेखी टोचलेलीच नाही. दोन्ही एकाच दिवशी चालतात.

लस टोचल्यावर तीस दिवसांनी रक्त. रेबीजच्या बाबतीत सवलत असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून ही तपासणी. प्रतिपिंडं, म्हणजे लसीने रक्तात तयार झालेले रोगाशी लढणारे घटक, मिलिलिटरमागे निदान 0.5 एकक हवीत, आणि प्रयोगशाळा युरोपीय संघाने मान्यता दिलेलीच हवी. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव, वेगळा काढून थंड पाठवायचा. तो घरच्या फ्रीजमध्ये सुरमईशेजारी ठेवू नये. वीज जाते, आणि आजी दिसेल त्याला मसाला लावते.

पुढे तीन महिने थांबायचं, तेही रक्त काढल्या तारखेपासून. म्हणजे भाद्रपदात चिप टोचली तर उजाडतो पौष, आणि पौषात आजी कुणाला उंबरा ओलांडू देत नाही. माघी गणपतीच धरा. मात्र मध्ये लसीची मुदत एक दिवसही चुकली, की पुन्हा श्रीगणेशा.

पिंजऱ्यात कुत्र्याला डोकं न टेकता उभं राहता, वळता, लोळता आलं पाहिजे. तो महिनाभर आधी पडवीत मांडावा, आत सुक्या बांगड्याचं डोकं ठेवावं. झोपेची गोळी देऊ नका. उंचीवर श्वास आणि तोल दोन्ही जातात. कुडाळहून मुंबईला रेल्वेने न्यायचं तर गार्डच्या डब्यातला कुत्र्याचा खण, नाहीतर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे.

मुंबईत अ‍ॅनिमल क्वारंटाइनचा सरकारी डॉक्टर दाखला देतो. दाखला मिळाल्यापासून दहा दिवसांत वाघ्या तिकडे पोचला पाहिजे. सही छपाईहून वेगळ्या रंगात. चिपचा नंबर तीनदा वाचा. सेहेचाळीसचे चौसष्ट झाले तर विमानतळावर वाघ्या 'दुसराच कोणीतरी' ठरतो.

आणि वाघ्याच्या मागे-पुढे पाच दिवसांच्या आत मालकानेही प्रवास केलाच पाहिजे, नाहीतर वाघ्या व्यापारी माल. गावात ज्याला कोणी फुकट नेत नव्हतं, तो वाघ्या!