सोलारवाल्यांच्या वीजबिलातच वेगळा आकार का?

सकाळी एका ग्रुपवर ओळखीच्याच माणसाने लिहिलं, "सोलारवाले ग्रिड, म्हणजे सगळ्यांचं विजेचं जाळं, फुकट वापरतात, त्यांच्याकडून जोडणीचा जादा आकार घ्यायलाच हवा." खाली भराभर अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय.

फुकट? माझ्या बाबांनी निवृत्तीच्या पैशातून छतावर पॅनेल बसवले. आम्ही सगळे म्हणत होतो, मुदतठेवीत ठेवा. ते म्हणाले, "आपल्याला पुरून उरेल ती वीज शेजारी जाईल." आणि जातेच! दुपारी घरात जेमतेम एक पंखा चालू असतो, नेट मीटरवर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर) एक्सपोर्टचा आकडा चढत असतो, आणि ती वीज पलीकडच्याच घरात खपते. लांबून वीज आणताना वाहिन्यांत जी गळती होते, ती तेवढी वाचते. ती बचत बाबांच्या बिलात कुणी जमा धरतं का? युनिट शून्य आले तरी दरमहाचा स्थिर आकार ते भरतातच.

मान्य, रात्री आम्हीही ग्रिडवरच असतो. लाइन गेली की बॅटरी नसलेलं सोलारही बंद पडतं. तारा, ट्रान्सफॉर्मर, खांबावर चढणारी माणसं, सगळ्याला पैसे लागतात. मग तो खर्च प्रत्येकाच्या मंजूर भाराप्रमाणे, म्हणजे जोडणी किती विजेसाठी घेतलीय त्याप्रमाणे, सगळ्यांकडून घ्या. एलईडी लावून, जुना फ्रिज काढून कुणी बिल कमी केलं तर त्याला जादा आकार लावता का? मग बाबांनाच का?

एका गोष्टीपाशी मात्र माझा राग थांबतो. भाड्याने राहणाऱ्याला छतच नसतं. आमच्या वाट्याचा खर्च त्याच्या बिलात जाऊ नये, हे मनापासून वाटतं. बाबाही म्हणतात, "माझ्या वाट्याचं असेल ते घ्या, फक्त आधी सांगा." दुपारी सगळ्या छतांवरून एकदम वीज येते आणि सूर्य कलला की मागणी उसळते, ही अडचण खरी आहे. तर संध्याकाळच्या युनिटचा दर वाढवा, बॅटरीतून त्या वेळी वीज देणाऱ्याला चांगला मोबदला द्या. त्याला आमची ना नाही.

पण "आधी सांगा" हेच तर होत नाही! अमेरिकेत नेवाडामध्ये २०१५ च्या डिसेंबरात वीजदर ठरवणाऱ्या नियामकांनी सोलार घरांचा स्थिर आकार वाढवला, परत दिलेल्या विजेचा दर पाडला, आणि हे आधीच पॅनेल बसवलेल्यांनाही लावलं. लोक रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी जुन्या ग्राहकांना जुने नियम परत मिळाले. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात. त्या हिशोबावर माणूस आयुष्यभराची बचत लावतो आणि मध्येच तुम्ही हिशोब बदलणार? बाबांच्या वयाच्या माणसाने ते पैसे पुन्हा कुठून उभे करायचे?

तुमच्याकडे असा प्रस्ताव आला आणि हरकती मागवल्या, तर गप्प बसू नका. घरी सोलार नसलं तरी लिहा. एवढं एक वाक्य पुरे: जुन्या जोडण्यांना जुनेच नियम, आणि नवा आकार लावायचा तर त्याचा हिशोब आधी लोकांपुढे ठेवा.