‘गाठीला सुई लावू नका’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीपासून शहरातल्या सोसायट्यांपर्यंत एक संदेश मोबाईलवरून फिरत आहे. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: सुई लागली की कॅन्सरची गाठ चवताळते आणि अंगभर पसरते, साखर बंद केली की ती उपाशी मरते, रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे ठेवावे, आणि आजाराचे नाव त्याला कळू देऊ नये, कारण कळले की माणूस खचतो. पाठवणाऱ्यांचा हेतू काळजीचाच असतो, म्हणूनच याचे उत्तर नीट द्यायला हवे.

सुईचा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. गाठीचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून ती साधी आहे की कॅन्सरची, आणि कॅन्सरची असल्यास कोणत्या प्रकारची, हे बहुतेक वेळा ठरत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर कोणते औषध लागू पडेल हेही त्याच तुकड्यावरच्या तपासण्या सांगतात. सुईच्या वाटेने पेशी सरकण्याचे प्रकार वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत, पण ते विरळ आहेत, आणि अंडकोषाच्या गाठीसारख्या ज्या ठिकाणी हा धोका मानला जातो, तिथे डॉक्टर स्वतःच सुई घालणे टाळतात. मग हा समज एवढा घट्ट का? आपल्याकडे माणूस तपासणीला जातो तेव्हा आजार बहुधा पुढे गेलेला असतो, तो महिन्या-दोन महिन्यांत उघडा पडतो, आणि दोष सुईच्या माथी जातो.

याचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच मिळाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने, 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास झाला आणि 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गटाला हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली होती, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. या तपासणीत दोष आढळलेल्या बायकांची दुर्बिणीतून पाहणी आणि गरजेप्रमाणे बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करूनच पुढचे उपचार ठरत होते. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत असता, तर मृत्यू घटले नसते.

माझ्या मावशीने जन्मभर विड्या वळल्या आणि दातांना मिश्री लावली. गालाच्या आत न भरणारी जखम दिसली, तेव्हा हाच संदेश ऐकून ती चार महिने थांबली. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवायलाच हवी, हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हते.

साखरेबद्दल थोडक्यात. शरीरातल्या सगळ्याच पेशी ग्लुकोज वापरतात, आणि आपण गोड सोडले तरी यकृत ते तयार करतच राहते. गाठ एकटी उपाशी राहत नाही. उपचारांच्या काळात वजन आणि स्नायू टिकवणे महत्त्वाचे असते, म्हणून तोंड आलेल्या माणसाला भाकरी आणि शेंगाचटणी जात नसेल तर मऊ भात, दूध, अंडे असे काहीही पोटात जाऊ द्यावे. मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवावे.

ताट-तांब्या वेगळे ठेवण्याला काहीही आधार नाही. कॅन्सर स्पर्शाने, उष्ट्याने, एका घरात राहिल्याने लागत नाही. उलट किमो चालू असताना जपायचे असते ते रुग्णालाच, आपल्या सर्दी-खोकल्यापासून. त्या दिवसांत त्याला 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

राहिला न सांगण्याचा मुद्दा. बार्शीला 1987 मध्ये देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगावी फिरून लक्षणांबद्दल मोकळेपणाने बोलत, आणि पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्ण स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचारांसाठी येऊ लागल्या. घरात मात्र आपण दाराआड कुजबुजतो, आणि ज्याच्या अंगावर उपचार होणार तो माणूस आपल्याला काय झाले आहे याचा एकटाच अंदाज बांधत बसतो. किती सांगायचे आणि कधी, हे त्याच्या कलाने घ्यावे, हे मला मान्य आहे. पण त्याने विचारल्यावर खोटे बोलणे मला मान्य नाही.

मावशीला आजाराचे नाव सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने दोनच प्रश्न विचारले: पैसे कुठून आणायचे, आणि मुंबईला जावे लागले तर कसे जायचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, आणि योजनेतल्या रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र कागदपत्रे समजावून सांगतो. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेच्या स्लीपर वर्गात भाडे पडत नाही, आणि सोबतच्या एका माणसालाही सवलत असते. हे ऐकल्यावर ती म्हणाली, “मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट बघ, आणि येताना माझं रेशनकार्ड घेऊन ये.”