कुसुमाग्रजांना कुठली संघटना लागली होती? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना नाशिककर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी अनेकदा वाचली आणि मगच हे उत्तर लिहायला बसले. मागच्या लेखात मी एवढेच मांडले होते की, नाशिक जिल्ह्यातील लेखकांनी आणि छोट्या प्रकाशकांनी मिळून एक मंडळ रीतसर नोंदवावे, त्या मंडळाने सभासदांची करारपत्रे सही होण्याआधी वाचून द्यावीत, रॉयल्टीच्या हिशेबाचा पाठपुरावा करावा आणि प्रकाशकांची थकलेली बिले वसूल होण्यासाठी एकत्रित प्रयत्न करावेत. त्यावर आपण लिहिता : ‘ताई, नाशिकमध्ये शाली आणि श्रीफळे कमी पडू लागली काय? कुसुमाग्रजांना कुठली संघटना लागली होती? ज्याच्या लेखणीत दम आहे त्याला वाचक आपोआप मिळतात. बाकीच्यांना पद हवे असते.’ त्यानंतर वर्गणी कोण देणार, लेखक आणि प्रकाशक एकाच मंडळात कसे नांदणार आणि सुरगाणा-पेठच्या लेखकाने बैठकीला नाशकात कसे यायचे, असे प्रश्न आपण विचारले आहेत.

आधी भाषेविषयी. मला ताई म्हणणारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत आणि त्या हाकेत मला नेहमी आपुलकीच ऐकू आली आहे. आपल्या वाक्यात ती नाही. एखाद्या सूचनेत चूक दाखवायची असेल तर ती खुशाल दाखवावी. पण सूचना करणारीला पदाची हाव आहे असे गृहीत धरून सुरुवात केली की पुढच्या चर्चेला अर्थच उरत नाही, कारण मग मी काहीही म्हटले तरी त्यामागे खुर्चीच दिसणार. मी आजवर कोणत्याही साहित्यसंस्थेची निवडणूक लढवलेली नाही. माझे वडील मेन रोडमागच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत असत, आणि लेखकाचे पुस्तक बाजारात जाते तेव्हा पैसा कोणाकोणाच्या हातून फिरतो हे मी शाळकरी वयापासून जवळून पाहिले आहे. त्यामुळे शाल-श्रीफळाचा आरोप निदान माझ्यावर करण्यापूर्वी आपण थोडी चौकशी करायला हवी होती.

आता कुसुमाग्रजांचे. आपण त्यांचे नाव घेतले आहे, तेव्हा त्यांच्याविषयी जे सर्वांना ठाऊक आहे ते तरी लक्षात घ्यायला हवे होते. ‘विशाखा’ हा संग्रह 1942 साली निघाला तो वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून. एका मान्यवर लेखकाने तिशीतल्या कवीचे पुस्तक आपल्या खर्चाने काढले, त्यामागे आपले नाव उभे केले आणि ते पुस्तक महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. कवितेत दम होता याविषयी कोणाचेच दुमत नाही. पण ती कविता वाचकांपुढे ‘आपोआप’ आली नाही. एका माणसाने ती आणली.

शिवाय स्वतः तात्यासाहेबांनी, म्हणजे कुसुमाग्रजांनी, माणसे जोडण्याला कधी कमी लेखले असे त्यांच्या चरित्रात दिसत नाही. 1933 साली, म्हणजे विशीत असतानाच, त्यांनी ध्रुव मंडळ उभे केले. 1950 साली नाशकात लोकहितवादी मंडळ स्थापन केले आणि ते मंडळ आजही काम करत आहे. 1964 साली मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. ज्या माणसाने या गावात लोकांना एकत्र बसवण्यासाठी इतके केले, त्याच माणसाचे नाव ‘एकत्र येऊ नका’ हे सांगण्यासाठी वापरले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

आपण कदाचित म्हणाल की खांडेकर म्हणजे काही संघटना नव्हे. मान्य आहे, आणि माझे म्हणणे तेथूनच सुरू होते. प्रत्येक पिढीत एखाद्या कवीला खांडेकर भेटतात. नांदगावच्या किंवा कळवणच्या ज्या मुलीला ते भेटणार नाहीत तिने काय करायचे? तिच्यासमोर करारपत्र ठेवले जाते तेव्हा ते वाचून देणारे कोणीतरी जवळ असावे, एवढीच मंडळाकडून माझी अपेक्षा आहे.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. माझा पहिला कथासंग्रह नाशिकबाहेरच्या एका प्रकाशकाने काढला. करारपत्र म्हणजे संस्थेच्या लेटरहेडवरचे एक पान होते, आणि त्यात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील’ ही ओळ पुस्तकाच्या नावाखालीच होती. पुस्तक निघणार या आनंदात मी सही केली. पुढे काही वर्षांनी शालिमारजवळच्या एका ग्रंथप्रदर्शनात माझे पुस्तक हाती आले. किमतीवर नव्या किमतीचे स्टिकर चिकटवलेले होते, आणि आतले पान उलटून पाहिले तर ‘दुसरी आवृत्ती’ असे छापलेले. मला कोणी कळवलेले नव्हते, आणि पहिल्या आवृत्तीचा हिशेबही मिळालेला नव्हता. मी पत्र लिहिले, उत्तर नाही. फोन केला तेव्हा ‘पहिल्या आवृत्तीच्या प्रती अजून वितरकांकडे पडून आहेत’ असे सांगण्यात आले. मग दुसरी आवृत्ती कशासाठी काढली, या प्रश्नावर फोन ठेवला गेला.

एका ज्येष्ठ लेखकमित्राने त्याच प्रकाशकाकडे पुस्तके असलेल्या आणखी काही जणांना गाठले. प्रत्येकाची तक्रार जवळजवळ सारखीच निघाली. आम्ही सर्वांच्या सह्यांनी एकच पत्र पाठवले, ते एका वकिलांकडून तपासून घेतले, आणि पंधरवड्याच्या आत हिशेब आले. अपुरे होते, पण आले. माझ्या एकटीच्या पत्रात आणि त्या पत्रात मागणी तीच होती. फरक फक्त सह्यांचा होता. तो फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि ‘लेखणीत दम’ असल्या शब्दांनी तो पुसला जाणार नाही.

कायदा आहेच की, असेही आपण जाता जाता म्हटले आहे. कायदा आहे, कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि 2012 साली त्यात लेखकांच्या बाजूने महत्त्वाच्या सुधारणाही झाल्या. कलम 19 प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते, आणि त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या रॉयल्टीवर दिले हे नमूद असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. पण करारात जेथे काही लिहिलेले नाही तेथेच या तरतुदी लेखकाच्या मदतीला येतात. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द लिहून त्याखाली सही केली की पाच वर्षांची ती तरतूद आपल्या उपयोगाची राहत नाही. म्हणजे मदत हवी असते ती सहीच्या आदल्या दिवशी, आणि त्या दिवशी नवा लेखक कोर्टात जात नाही. तो विचारायला कोणी मिळाले तर विचारतो. लंडनमध्ये 1884 साली स्थापन झालेली लेखकांची सोसायटी आजही सभासदांची करारपत्रे वाचून सल्ला देते. हे काम नाशकात का होऊ नये, याचे उत्तर आपल्या प्रतिक्रियेत मला सापडले नाही.

आयएसबीएनचेही, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचेही, तसेच. हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तरीही नवकवींच्या बिलात ‘आयएसबीएन नोंदणी’ अशी वेगळी रक्कम लावलेली मी स्वतः पाहिली आहे. सिन्नरच्या एका शिक्षिकेने ते बिल माझ्यासमोर ठेवले तेव्हा तिला ही साधी गोष्ट सांगणारे तोवर कोणीच भेटलेले नव्हते. तिच्या कवितेत दम नव्हता म्हणून तिच्याकडून पैसे घेतले गेले, असे आपल्याला म्हणायचे आहे काय?

आणि एकत्र येणे ही काही माझी नवी टूम नव्हे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी 1878 साली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा बोलावली. रानडे तर आपल्याच जिल्ह्यातल्या निफाडचे. 1885 च्या सभेला येण्यास महात्मा फुल्यांनी नकार दिला, हे मी विसरलेले नाही. पण त्यांनी तो नकार आपल्या नावाने, कारणे मांडून कळवला : जे इतरांना माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही. त्या पत्राचा विचार आजही करावा लागतो, आणि मंडळाच्या घटनेत सभासदत्व सर्वांना खुले राहील हे पहिल्या कलमातच असावे असे मी म्हणते ते त्याच पत्रामुळे. आपण दिलेला नकार त्या जातीचा नाही. त्यात कारण नाही, केवळ हेत्वारोप आहे.

सुरगाणा-पेठचा मुद्दा मात्र योग्य आहे, आणि तो मी मोकळेपणाने मान्य करते. संध्याकाळच्या बैठकीला आलेल्या माणसाला परतीची बस मिळत नाही, हे शहरात राहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. बैठका रविवारी दुपारी घ्याव्यात, काही तालुक्याच्या गावी घ्याव्यात, आणि करारपत्रे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून वाचावीत, असे मी संबंधितांना सुचवणार आहे.

वर्गणीचा प्रश्न पहिल्या सभेत सुटेल. तो काही डोंगराएवढा नाही. लेखक आणि प्रकाशक एका मंडळात कसे, याविषयी एवढेच सांगते की नाशिकचे छोटे प्रकाशकही विक्रेत्यांकडे अडकलेल्या बिलांनी तितकेच त्रस्त आहेत, आणि दोघांची अडचण एकाच साखळीतली आहे. तपशील घटना लिहिताना ठरेल. त्यावर आत्ताच वाद घालायची मला गरज वाटत नाही.

आपली प्रतिक्रिया मी जशीच्या तशी ठेवली आहे. घटनेच्या मसुद्यावर बोलण्यासाठी येत्या महिन्यात गंगापूर रोडवर काही जण भेटणार आहोत. दिवस आणि जागा ठरली की येथेच कळवीन. आपण यावे आणि आपले आक्षेप सर्वांसमोर मांडावेत. मात्र त्या दिवशी आपल्याला स्वतःच्या नावाने बोलावे लागेल, आणि माझ्या हेतूविषयी लिहिलेले वाक्य माझ्यासमोर उच्चारावे लागेल.